सुइणीपासून पोट लपत नाही

मागचे दोन महिने आपला एकही भाग आला नाही. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, पॉडकास्ट बंद केलं का? नाही, बंद केलेलं नाही. आमच्या घरी मुलगी झाली. (टाळ्या वाजवल्यात असं समजतो.)

त्यामुळे आजचा विषय नेहमीसारखा नाही. मोबाइल नाही, ॲप नाही, करिअर नाही. आज मी बोलणार आहे बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांबद्दल, आणि त्या सहा आठवड्यांत घरी येणाऱ्या एका बाईबद्दल. जुन्या भाषेत सुईण, सरकारी भाषेत प्रसाविका, गावच्या भाषेत सिस्टर. आता तुम्ही म्हणाल, अरे आम्ही पंचविशीतली पोरं, आमचं लग्नसुद्धा झालेलं नाही, आम्हाला काय त्याचं? मीही हेच म्हणायचो. पण तुमच्या ताईला, वहिनीला, ऑफिसमधल्या मैत्रिणीला बाळ होणारच आहे. आणि मी जी चूक केली ती तुम्ही करू नये म्हणून हा भाग. जे सांगतोय ते बायकोला विचारून सांगतोय. ती म्हणाली, सगळं सांग, स्वतःला वाचवू नकोस.

तर झालं असं. आम्ही दोघं पुण्यात असतो, दोघंही आयटीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं एक गाव. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात डिलिव्हरी झाली. नॉर्मल झाली, थोडे टाके पडले. बाळाचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. हातात एक फाइल, गोळ्यांची चिठ्ठी आणि 'दहा दिवसांनी दाखवायला या' एवढी सूचना. पेढे वाटले, स्टेटस टाकलं, आणि मला वाटलं, झालं. प्रोजेक्ट संपला.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. आमच्याकडे नवीन रिलीज लाइव्ह गेलं की खरं काम तिथं सुरू होतं. पहिले दोन-तीन दिवस आम्ही लॉग बघत बसतो, कोणीतरी रात्रभर ऑन-कॉल असतो. कारण जे मोडायचं असतं ते बहुतेक वेळा लगेच मोडतं. हे मला साध्या पेमेंट पेजच्या बाबतीत कळत होतं आणि स्वतःच्या बायको-मुलीच्या बाबतीत कळलं नाही.

बरं, मी काहीच करत नव्हतो असंही नाही. मी एक ॲप घेतलं होतं. बाळाला किती वेळा पाजलं, किती मिनिटं पाजलं, सगळं त्यात टाकायचं. दिवसाला दहा-बारा वेळा, प्रत्येकी वीस-वीस मिनिटं. छान हिरवा ग्राफ यायचा. मी तो ग्राफ फॅमिली ग्रुपवर टाकायचो. काकांनी अंगठा दाखवला की मला वाटायचं, बाप म्हणून पास झालो.

पाचव्या दिवशी घरात पाचवीची पूजा झाली. रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून जागायचं. बायकोची आजी, वय ऐंशीच्या पुढे, भिंतीला टेकून बसली होती. मी सहज विचारलं, आजी, पाचव्याच रात्री का हो जागायचं? आजी म्हणाली, "आरं, पैल्या आठवड्यातच पोरं जायची. जागं राहिलं तर दिसतं तरी." मग तिनं सांगितलं की तिची सात बाळंतपणं झाली, पाच पोरं जगली. दोन गेली ती पहिल्या महिन्याच्या आतच. एक पोरगं अंग ताठ होऊन गेलं. मला नंतर कळलं की ती लक्षणं धनुर्वाताची असतात. तेव्हा नाळ विळ्यानं कापायचे, घरात जे असेल त्यानं.

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. पण मनात म्हणालो, ते दिवस गेले. आता दवाखाने आहेत.

आजीनं तेव्हाच्या सुईणीबद्दलही सांगितलं. सुईण नुसती नाळ कापायला येत नसे. दहा-बारा दिवस रोज यायची. बाळंतिणीला न्हाऊ घालायची, पोट बघायची, पोराला तेल लावायची, पाजताना शेजारी बसायची. बदल्यात साडी-चोळी आणि शेर-दोन शेर धान्य. आणि आजी हेही बोलली, की त्या बाईला आपल्या घरात ओसरीच्या आत चहा मिळत नव्हता. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, पण काम झालं की ती परत बाहेरची. आजीच्या आवाजात ओशाळलेपण होतं. म्हणून मला 'जुनं ते सोनं' असं काही म्हणायचं नाही. जुन्यात पोरं मरत होती, बाया मरत होत्या आणि सुईणीला मान नव्हता. पण जुन्यात एक गोष्ट होती: बाळंतपण झाल्यावर रोज कोणीतरी जाणती बाई घरी येत होती. ती गोष्ट आपण हरवली.

आता सातव्या दिवसाकडे येतो.

सकाळी दहाच्या सुमारास दोन बायका दारात. एक गावची आशाताई, दुसरी उपकेंद्रातली सिस्टर. आमची नोंदणी पुण्यात, डिलिव्हरी खासगीत, त्यामुळे गावच्या यादीत आमचं नावच नव्हतं. पाचवीचे पेढे शेजारी गेले, तिथून आशाताईला कळलं, आणि ती सिस्टरना घेऊन आली.

आणि मी काय म्हणालो असेन? "आम्ही खासगीत दाखवतोय, तशी गरज नाही." अगदी या शब्दांत. सासूबाई मध्ये पडल्या म्हणून बरं. म्हणाल्या, आल्याच आहात तर आत या, चहा घ्या.

सिस्टरनी आधी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मग आशाताईनं पिशवीतून झोळीचा वजनकाटा काढला. बाळाला झोळीत ठेवलं. २ किलो ५६०. माझ्या डोक्यात पटकन गणित झालं नाही, सिस्टरांच्या झालं. त्या म्हणाल्या, "जन्माचं किती?" मी सांगितलं, २ किलो ९००. त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, ते चालतं. पण दहा टक्क्यांच्या वर उतरलं की कोणीतरी बघायला हवं. आमचं जवळजवळ बारा टक्के उतरलं होतं.

मी लगेच मोबाइल पुढे केला. सिस्टर, हे बघा, दिवसातून बारा वेळा पाजतोय, हा ग्राफ. त्यांनी ग्राफकडे बघितलं आणि विचारलं, "शू किती वेळा करते?"

मला माहीत नव्हतं. ॲपमध्ये तो कॉलम होता, मी तो भरतच नव्हतो. बायको हळूच म्हणाली, दोन-तीनदा. पाच दिवसांनंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा. म्हणजे बाळाच्या पोटात दूध जात नव्हतं. मी मिनिटं मोजत होतो, दूध कोणी मोजत नव्हतं.

मग त्यांनी बाळाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेलं. कपाळ दाबून बघितलं, छाती, पोट, पाय, शेवटी तळवे. आमच्या खोलीत पिवळा बल्ब होता आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. त्या उजेडात आम्हाला पोरगी गोरीपान दिसत होती. बाहेरच्या उजेडात तळपायापर्यंत पिवळी होती.

त्या बायकोजवळ बसल्या. म्हणाल्या, "पाज बघू माझ्यासमोर." आणि पूर्ण वेळ, एकही शब्द न बोलता, बघत राहिल्या. मग विचारलं, "दुखतंय ना तायडे?" बायको म्हणाली, नाही. सिस्टर म्हणाल्या, "मग पायाची बोटं कशाला आवळतेस?"

आपल्याकडे म्हण आहे, सुइणीपासून पोट लपत नाही. त्या दिवशी ती म्हण मी डोळ्यांनी बघितली. बायकोच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, रक्त येत होतं. आठवडाभर ती दात-ओठ खाऊन पाजत होती आणि कोणालाच सांगत नव्हती, कारण सगळे म्हणत होते, सगळ्यांनाच दुखतं. बाळाच्या तोंडात फक्त टोक जात होतं. सिस्टरनी तिची बसायची पद्धत बदलली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, बाळानं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं, आणि मग खालचा काळा भाग जास्तीत जास्त आत जाईल असं धरलं. दोन मिनिटांत घोट घेतल्याचा आवाज आला. सात दिवसांत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्या म्हणाल्या, "आता तुझं सांग. तू कशी आहेस?"

मंडळी, सात दिवसांत घरात पन्नासेक माणसं येऊन गेली असतील. प्रत्येकानं विचारलं बाळ कसं आहे, कोणावर गेलंय, नाव काय ठेवणार. तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. ती जी रडायला लागली ती थांबेचना. टाक्यांच्या भीतीनं ती संडासला जायचं टाळत होती. बाळंतिणीनं पाणी जास्त पिऊ नये म्हणून तिला घोट-घोट पाणी मिळत होतं, आणि मी शेजारी बसून बिसलेरी पीत होतो. सिस्टरनी तिचा ताप बघितला, रक्तदाब घेतला, पोट चाचपलं, रक्तस्राव किती आहे, वास येतोय का विचारलं, टाके बघितले. पोटऱ्या दुखतात का विचारलं. झोप लागते का, बाळाजवळ असताना भीती वाटते का, हेही विचारलं.

सासूबाईंशीही त्या छान बोलल्या. अळीवाची खीर द्या, डिंकाचा लाडू द्या, मालिशवाल्या मावशी येऊ देत, फक्त पाणी पोटभर द्या. गुटी आणि मध बंद. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून विषबाधा होऊ शकते. सहा महिने आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नको. बंद खोलीत शेगडीचा धूर नको. एकाही वाक्यात 'तुम्हाला कळत नाही' असा सूर नव्हता.

मग माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, शर्ट काढा."

मी उडालोच. पोरीचे हातपाय गार लागत होते. आई उठून कपडे बदलेपर्यंत त्यांनी बाळाला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल पांघरली. माणसाच्या अंगाची ऊब हीच बाळाची सगळ्यात चांगली शेगडी, म्हणाल्या. आशाताईनं तोपर्यंत गाडीसाठी १०२ ला फोन लावला होता. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी बाळ यांच्यासाठी ही गाडी मोफत असते, हेही मला तिथंच कळलं.

त्याच दुपारी बाळाला दवाखान्यात दाखल केलं. कावीळ उपचाराच्या मर्यादेच्या वर होती. दोन रात्री निळ्या दिव्याखाली ठेवलं, आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं दिलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आज आणलंत. आम्हाला 'दहा दिवसांनी या' सांगितलेलं होतं, म्हणजे आम्ही आणखी सहा दिवस हिरवा ग्राफ बघत बसलो असतो. कावीळ फार वाढली तर ती मेंदूला इजा करते आणि ती इजा परत भरून येत नाही.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो ७८०. एकविसाव्या दिवशी २ किलो ९९०. झोळीत पाय झाडत होती. आशाताई हसली आणि तिनं वहीत आकडा लिहिला.

घरी परतल्यावर मी वाचायला लागलो. थोडं तुम्हालाही सांगतो.

एएनएम म्हणजे काय? ऑक्झिलिअरी नर्स मिडवाइफ. मराठीत सहायक परिचारिका-प्रसाविका. म्हणजे सुईण त्या तीन अक्षरांत आहेच, फक्त आपल्याला ती इंजेक्शन देणारी सिस्टर वाटते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं ठरलं, म्हणजे साध्या, धोका नसलेल्या बाळंतपणाची आणि नंतरची काळजी त्या स्वतंत्रपणे घेतील.

दुसरी गोष्ट, या घरभेटींची कल्पना परदेशातून आलेली नाही. ती आपल्या गडचिरोलीतून आली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजायला, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला, त्यावर उपचार करायला. त्या आरोग्यदूत. आणि सुईणीला त्यांनी हाकललं नाही. बाळंतपणाच्या वेळी सुईण आईकडे बघायची, आरोग्यदूत बाळाकडे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: जिथं हे काम झालं नाही त्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून हेच काम देशभर आशांमार्फत सुरू झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीही त्याच दिशेच्या आहेत. बाळंतपणानंतर निदान २४ तास दवाखान्यात, मग ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी. कारण जगभरात जी नवजात बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. आजीची पाचवी उगीच नव्हती.

आणि या सगळ्या घरभेटींचे आशाताईला किती मिळतात? या योजनेत ठरलेला मोबदला २५० रुपये. सगळ्या भेटी मिळून. सहा भेटी धरल्या तर एका भेटीचे बेचाळीसेक रुपये. मी हिशेब केला आणि लाज वाटली. सुईणीला आपण शेरभर धान्य द्यायचो, त्यात फार फरक पडलेला दिसत नाही.

आता कामाचं. हा भाग इथून पुढे सेव्ह करून ठेवा.

बाळ नीट पीत नसेल किंवा पिणं सोडलं असेल, मलूल असेल, झटके येत असतील, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ताप ९९.५ फॅरनहाइट किंवा वर असेल, अंग गार पडलं असेल, पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

आईच्या बाबतीत: तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप, घाण वास येणारा स्राव, जोरात डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत लाल, कडक, दुखरी गाठ. यातलं काहीही दिसलं तरी लगेच दाखवायचं. आणि सतत रडू येणं, बाळ नकोसं वाटणं, जगणं नकोसं वाटणं, याला 'नखरे' म्हणायचं नाही. टेलिमानस, १४४१६. फोन मोफत आहे.

आणि जे बापलोक ऐकतायत त्यांच्यासाठी. बायको माहेरी जाणार असेल तर तिथल्या आशाताईचा नंबर सातव्या महिन्यातच घ्या. त्यांना सांगा, आम्ही येतोय, आमचं नाव लिहा. शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. दवाखान्यातून निघताना बाळाचं त्या दिवशीचं वजन लिहून घ्या, आणि नर्सला सांगा, एकदा पाजताना समोर बसून बघा. लंगोट मोजा. बायकोला पाणी आणून द्या. आणि रोज एकदा तिला तो प्रश्न विचारा, जो मी विचारला नाही.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटची आली. सासूबाईंनी तिला आणि सिस्टरना आत, स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं. आजी उठून आली, दोघींच्या ओट्या भरल्या, साडी दिली. मग सिस्टरांचा हात हातात धरून म्हणाली, "आमच्या टायमाला तुमी नव्हता गं बायांनो." आणखी काही बोलली नाही. कोणीच बोललं नाही.

माझं ते ॲप मी अजून काढलेलं नाही. फक्त आता त्यात लंगोटाचा कॉलम आधी भरतो.

चला, मागून रडण्याचा आवाज येतोय, तो तुम्हालाही ऐकू येत असेल. माझी पाळी आहे. हा भाग अशा एका मित्राला पाठवा, ज्याच्या घरी पाळणा हलणार आहे. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरातल्या बाळंतिणीचीही.